रंगाखालची वाळू

तातोबा कोळेकर गेले. दहाव्याला मी साताऱ्याहून कवठे महांकाळला पोहोचलो, तेव्हा त्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक अभिमानाने म्हणाले, "सरांच्या दगडाला काळा ऑइलपेंट मारतो, वर सोनेरी अक्षरांत सरांचं नाव." तातोबांची मुलगी सुमन माझ्याकडे वळली. "काका, तुमी वकील हायसा. आडवा की ह्यास्नी."

तो दगड तातोबांनी राजस्थानातून आणला होता. मेंढपाळांच्या घरातला हा माणूस भूगोल शिकवत असे. वर्गात प्रमाण भाषेत, माझ्याशी मात्र घरच्या बोलीत. शाळेच्या व्हरांड्यात दगड उभा केल्यावर त्यांनी तांब्यातले पाणी ओंजळीने त्यावर सोडले आणि कोरडा, मळकट पृष्ठभाग एकदम बोलू लागला... तिरक्या रेघा, त्यांना कापणारी आडवी रेघ, वर पुन्हा तिरक्या. ते समजावू लागले, हा दगड म्हणजे एके काळची वाळूची टेकडी : वारा वाळू टेकडीच्या चढावरून माथ्यावर लोटतो, ती पलीकडच्या उतारावर घसरते, म्हणून थर तिरके. पुढचा वारा माथा कापून नेतो, त्यावर दुसरी टेकडी चढते. गाडलेल्या वाळूत झिरपणारे पाणी खनिजांनी कणाला कण सांधते. मला हे पटेना.

"टेकडी चालते कशी?"

"आमच्या मेंढरांवानी, वकीलसाहेब. ती गेली फुडं. ह्यो तिचा मुक्काम हाय. पंचनामा करा हवं तर!"

दगड शाळेला देताना त्यांची एकच अट होती आणि ती मीच लेखी करून दिली होती : पृष्ठभाग कधीही झाकू नये. अट मान्य करून स्वीकारलेली वस्तू अट मोडून वापरण्याचा अधिकार कोणालाही नाही, मग हेतू कितीही आदराचा असो. मी हरकतीचे पत्र पाठवले, त्यामागून दुसरे. पोच आली, उत्तर आले नाही.

परवा जाऊन पाहिले. दगड काळा कुळकुळीत. गळ्यात घालावा तसा हार.

"आवं साहेब, लय उठून दिसतंय सरांचं नाव," शिपाई मायेने म्हणाला. मी दगडावर नख ओढून पाहिले. रंग दगडात मुरला होता. खरवडायला जावे तर कणच सुटून येतील, हे मला तातोबांनीच शिकवले होते. आता कोणत्या न्यायालयात जाऊ? आणि मागू तरी काय?

शिपायाकडून तांब्या मागून घेतला. तातोबा सोडत तसे ओंजळीने पाणी सोडले. ते थेंबाथेंबाने घसरून फरशीवर पडले. एकही रेघ उमटली नाही.

मी पुन्हा ओंजळ भरली.