न धुतलेला दगड

पाण्याचा टँकर चालवणाऱ्या त्या माणसाला सगळे धोंडेराव म्हणायचे. चौदा वर्षं वाळवंट तुडवताना त्यांनी एकतीस दगड आणले आणि आभाळातून पडलेले म्हणून प्रयोगशाळेत नेले. एकतीसच्या एकतीस नापास. काही भट्टीतली धातूची मळी, बाकीचे उन्हानं काळवंडलेले साधे धोंडे.

शेवटच्या खेपेला तिथल्या दगड तपासणाऱ्या बाईंनी हात जोडले. "भाऊ, चहा हवा तेवढा पाजते. पण मशीन आता लावणार नाही."

हे फार लागलं. चौदा वर्षं आपण येडपटासारखं वणवण केली की काय, एवढाच प्रश्न धोंडेरावांना खात होता. त्यांनी दगडांचं नाव टाकलं.

मग एकदा बायको टँकरची हत्यारपेटी साफ करायला बसली. तळाशी मुठीएवढा काळा दगड होता. हा चाकाखाली लावायला ठेवलेला. चाकानं एक कोपरा उडवला होता. बायकोनं तो उजेडात धरला.

"अहो, ह्याच्या आत तीळ कसले?"

"टाक तो. चुंबक धड चिकटेना त्याला."

धोंडेरावांची पद्धत ठरलेली. काठीच्या टोकाला लोहचुंबक बांधलेला. चिकटला तर दगड उचलायचा, नाही तर लाथेनं बाजूला.

बायकोनं टाकला नाही. दुसऱ्या दिवशी फडक्यात गुंडाळून स्वतःच प्रयोगशाळेत गेली. धोंडेराव मागनं गेले, पण दारातच थांबले. आत जायचं तोंड नव्हतं.

बाईंनी भिंग लावलं. मग पहिला प्रश्न: "धुतलात का?"

"माझ्या हातनं न धुता सुटलेली ही पहिलीच वस्तू," बायको म्हणाली.

"नशीब! पाण्यानं ह्यातले क्षार गेले असते." बाईंनी मशीन लावलं. कापतानाही पाणी नाही, स्पिरिट. चकती घासत घासत इतकी पातळ केली की पलीकडचा उजेड दिसावा. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या गाळात बारीक गोल दाणे. "हा खरंच आभाळातला. कार्बनी कॉन्ड्राइट वाटतोय. नक्की कुठल्या जातीचा, ते ऑक्सिजन मोजल्यावर. तीन महिने लागतील." मग दाराकडे बघून, "भाऊ, चुंबक लावला होता?"

धोंडेराव छाती काढून आत आले. "लावल्याशिवाय मी दगडाला हातच लावत नाही!"

"अरे देवा. दगडात जुनी चुंबकी खूण असते, पृथ्वीच्या आधीची. तुम्ही ती एका झटक्यात पुसलीत."

धोंडेरावांची छाती जागेवर गेली.

तीन महिन्यांनी निकाल आला. जात पक्की: सीएम दोन. बाई समजावत होत्या, हा आभाळातल्या ज्या मोठ्या खडकाचा तुकडा, त्यात कधीकाळी पाणी मुरलेलं होतं.

"म्हणजे वरनंच धुवून आलाय," बायको म्हणाली. बाई हसून हसून खोकल्या.

नोंदीच्या कागदावर शोधणाऱ्याचा रकाना होता. धोंडेरावांनी बायकोकडे बोट दाखवलं. बायको म्हणाली, "दोघांचं लिहा. उचलला ह्यांनी, बघितला मी."

घरी येताना धोंडेराव वाटेतल्या प्रत्येक काळ्या दगडाकडे बघत होते. मग म्हणाले, "अगं, चुंबक धरत नाही म्हणून असे किती सोडले असतील मी?"

"कुठं सोडलेत ते आठवतं?"

"एकूण एक."

चुंबक आता शिवणाच्या डब्यात सुया गोळा करतो. पुढच्या खेपेला धोंडेराव टँकर काढायला गेले, तर बायको आधीच केबिनमध्ये, मांडीवर कोरडी फडकी घेऊन.

"तू कुठं?"

"तुम्हाला रस्ता दिसतो, मला तीळ. चला, ऊन चढायच्या आत पोचू."