बोटीवर उघडलेला डबा

देवाशी माझं नातं कारखान्यातलं. पेणला आमचा गणपतींचा छोटा कारखाना. वडिलांनी माती मळली, मी रंग हातात घेतला आणि पुढे डोळ्यांची आखणीही माझ्याकडे आली. वर्षाचे आठ-नऊ महिने माझ्या मांडीला मांडी लावून शंभर-दीडशे गणपती बसलेले असत. लोक म्हणायचे, तुम्ही भाग्यवान, सतत देवाच्या सहवासात असता. मी हसून मान हलवायचो. खरं सांगायचं तर ज्याची सोंड मोडली की मीच खळ लावून जोडतो, त्याच्याकडे काय मागायचं, असं मला आतून वाटायचं. नास्तिक नव्हतो, पण मागण्याची सवयच कधी लागली नाही. अडलं तर आपण करायचं, चुकलं तर घासून काढायचं आणि पुन्हा रंग मारायचा, हा माझा धर्म. स्वभावही तसाच, जरा ताठ आणि दुसऱ्याचं ऐकून न घेणारा.

लग्नानंतर सहा वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. तिला आम्ही मनी म्हणायचो. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती ती. मनी दीड वर्षाची होता होता तिला दूध सोसेनासं झालं. घोटभर दूध पोटात गेलं तरी अंगावर चट्टे, उलट्या, जुलाब. सुमन, माझी बायको, तेव्हा माहेरी रोह्याला होती. तिथेच एकदा पोरगी इतकी सुकली की दोन दिवस सलाईनवर ठेवावी लागली. डॉक्टरांनी दुधाचा थेंबही द्यायचा नाही असं बजावलं आणि सोयाबीनची एक पावडर लिहून दिली. ती मुंबईच्या एकाच दुकानात मिळायची. वर भाताची पेज, डाळीचं पाणी द्या म्हणाले, पण मनी ते सगळं थुंकून टाकायची. तिला हवं फक्त डब्यातलं. उकळलेलं पाणी, मोजून चार चमचे पावडर, दर तीन तासांनी. आमच्या घरातलं घड्याळ त्या डब्यावर चालायचं म्हणा ना.

सुमनने कुलदेवीला बोलून ठेवलं होतं की पोरगी बरी झाली की ओटी भरायला आणीन. आमची देवी गोव्याची. एसटीचा रात्रभराचा प्रवास मनीला झेपला नसता. तेव्हा मुंबईहून गोव्याला जाणारी झटपट बोट सुरू झाली होती, सकाळी निघून दुपारी पोचायची. रोह्याजवळ वरश्याला राहणारा माझा मेहुणा कंपनीत कामाला. बोनस मिळाल्या मिळाल्या त्याने तिकिटंच आणून हातात दिली. म्हणाला, "भावोजी, आता नाय म्हणू नका. पोरीला दर्या दाखवा." मी नाही म्हणणार नव्हतोच, पण थोडे आढेवेढे घेतले, कारण मेहुण्याकडून लगेच काही घेणं बरं दिसत नाही.

मनीच्या खाण्याची पिशवी मी भरली. सुमन भरत होती, पण मला तिची घाई पसंत पडेना. दोन थर्मास, तीन बाटल्या, उकळून कोरडे केलेले चमचे, सगळं फडक्यात गुंडाळून मी ओळीने लावलं, जशा मूर्ती टेम्पोत लावतो तसं. फळीवर पावडरीचे डबे होते, त्यातला भरलेला, जड डबा उचलून ठेवला. सुमन दारातून म्हणाली, "अहो, झाकण उघडून बघितलंत का?" मी म्हणालो, "मला शिकवू नकोस. वीस वर्षं माल भरतोय मी." ती दारातून आत गेली. हे वाक्य मी नंतर किती वेळा आठवलं असेल!

बोट सुटली तेव्हा मनी खुशीत होती. काचेला नाक लावून पाण्याकडे बोट दाखवत होती. सकाळची बाटली आम्ही धक्क्यावरच दिली होती, घरून तयार करून आणलेली. तीन तासांनी ती कुरकुरायला लागली, तशी सुमनने थर्मास उघडला, डब्याचं झाकण काढलं आणि चार चमचे बाटलीत टाकले. बाटली हलवली. पांढरं पाणी झालं, पण क्षणभर थांबताच पावडर खाली बसली. तिने पुन्हा हलवली, ती पुन्हा बसली. मनी दोन्ही हात पुढे करून "बू, बू" करत होती. बाटली तिच्या तोंडापासून वीतभर असताना मी सुमनचा हात धरला, डब्यातली चिमूट घेतली आणि बोटांत चोळली. मला तोंडात घालायची गरज नव्हती. ती खडूची पूड होती, मूर्तीवर पहिला पांढरा हात मारताना आम्ही खळीत मिसळतो ती.

आमच्या कारखान्यात डबा कधी फेकत नाहीत. घरात रिकामा झालेला प्रत्येक डबा धुऊन तिकडे जातो, आणि त्यात रंग, खडू, अभ्रक काहीतरी भरलं जातं. हा डबा मीच भरला होता. मीच तो घरी आणून, खडू ओला होऊ नये म्हणून, फळीवर ठेवला होता. आणि मीच तो न उघडता पिशवीत घातला होता. सुमनने माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मनीला छातीशी घेतलं.

मी बोटीवरच्या कँटीनमध्ये गेलो. दुधाचा चहा, ब्रेड-बटर, बिस्किटं, सामोसे. सगळीकडे दूध नाहीतर तिखट. केळं मिळालं, मनीने ते थुंकलं. साखरेचं पाणी दिलं, दोन घोट घेऊन तिने मान फिरवली. त्यात समुद्र खवळलेला, बोट हळू चालली होती आणि पोचायला उशीर होईल असं सांगण्यात आलं. मनी रडून रडून थकली, आणि मग तिचं रडणंच बारीक झालं. ते बारीक रडणं मी रोह्याच्या दवाखान्यात ऐकलं होतं. मी कठड्याजवळ जाऊन उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ घासायला कागद नव्हता, जोडायला खळ नव्हती. मला नीट प्रार्थनाही येईना. मी एवढंच म्हणालो, "मी केलं ते हे असं झालं. आता तू कर." आणि इतकी वर्षं ज्याचे डोळे मी आखत आलो, त्याच्यासमोर मी भर बोटीत रडलो.

परत आलो तर आमच्या बाकड्याशी एक म्हातारी बसलेली. डोक्यावरून पदर, हातात काचेच्या हिरव्या बांगड्या, पायाशी भलीमोठी गाठोडी. बोलण्यावरून रोह्याच्या खाडीकडच्या गावातली मुसलमान बाई. सुमनने तिला सगळं सांगून टाकलेलं दिसत होतं. ती सुमनला म्हणत होती, "रडतंस कशाला गो? पोर भुकेली हाय, तिला भूक हाय हाच अल्लाचा शुकर." मग तिने गाठोड्यातून मलमलच्या फडक्याची एक पुरचुंडी काढली. "नाचणीचं सत्त्व हाय. घरी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून सुकवलंय. माझ्या नातवालाही दूध पचत नाय."

मी विचारलं, "यात दूध नाही ना?"

"नाय."

"दुधाची पावडर?"

"नाय रे बाबा."

"ज्या भांड्यात केलं त्यात कधी दूध..."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तू बाप हायस, इचार. दहा वेळा इचार. पण इचारताना पाणी तरी तापत ठेव."

मला हसूही आलं आणि लाजही वाटली. कँटीनवाला शेगडी द्यायला तयार नव्हता. म्हातारी स्वतः उठली, एका हाताने बाकडी धरत धरत तिथवर गेली आणि म्हणाली, "पाच मिनटं तुझी किटली उतर. तुझ्या चहावाचून कोण मरत नाय." किटली उतरली. तिने पेला-दोन पेले पाण्यात सत्त्व कालवलं, बोट डोलत असताना चमचा न थांबवता हलवत राहिली, वरून मिठाचा कण आणि गुळाचा खडा टाकला. ताटलीत ओतून फुंकर घालून घालून निववलं. बाटलीत भरू दिलं नाही. मनीला मांडीवर आडवं घेतलं आणि चमच्याने भरवायला बसली.

पहिला चमचा मनीने थुंकला. म्हातारीने पदराने तिचं तोंड पुसलं, जिभेने टकटक आवाज केला आणि दुसरा चमचा दिला. मनीने तो तोंडात धरला. गिळू की नको असा विचार करत आमच्याकडे पाहिलं. आणि गिळला. मग तिसऱ्यासाठी तोंड उघडलं. दूध बंद झाल्यापासून डब्यावाचून काही न घेणारी आमची पोरगी पूर्ण ताटली संपवून त्याच मांडीवर झोपली. आम्ही दोघं चट्टे उठतात का म्हणून तिच्या पोटाकडे, मानेकडे तासभर बघत बसलो. काही उठलं नाही. सुमन मला म्हणाली, "आता तरी कुणाला शिकवू देत जा." एवढीच शिक्षा तिने मला केली.

पणजीला उतरताना म्हातारीने ती पुरचुंडी सुमनच्या पिशवीत कोंबली. "दिवसाला दोनदा दे. गुठळी होऊ देऊ नको." मी काही बोलायच्या आत तिचा जावई समोर आला. त्याच्या कडेवर मनीएवढाच एक मुलगा होता, बारीक हातापायांचा, मोठ्या डोळ्यांचा. जावयाने पहिलं विचारलं, "सत्त्व आणलं का?" म्हातारी शांतपणे म्हणाली, "आता घरी जाऊन नाचणी भिजत घालते. चार दिस त्याला भाताची पेज देऊ." तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती पुरचुंडी त्या मुलाची होती. सगळी. मी पिशवीत हात घातला, पण तिने माझं मनगट धरलं. "दिलेलं परत घेत नसतात," म्हणाली, आणि नातवाचा गालगुच्चा घेत गर्दीतून चालू लागली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही देवीसमोर उभे होतो. सुमनने ओटी भरली. मनी कडेवर होती, सकाळचं सत्त्व पिऊन ताजीतवानी, पुजाऱ्याच्या घंटेकडे हात करणारी. हे कसं झालं, कुणी घडवलं, याचा मी काथ्याकूट करत नाही. मला एवढंच कळतं की माझे हात थांबले तेव्हा दुसरे हात पुढे आले, आणि मी ते थोडे आधी थांबवले असते तर पोरीचं रडणं वाचलं असतं. वाटेत मी मागणं घोकून ठेवलं होतं: मनीला दूध पचू दे, तिला आयुष्य दे. समोर हात जोडले, डोळे मिटले, तर मनीचं नाव ओठावर येईना. माझ्या जन्मातलं पहिलं मागणं मी मागितलं ते त्या बारीक हातापायांच्या मुलासाठी, ज्याच्या वाट्याचं जेवण माझ्या मुलीच्या पोटात होतं.