नकाशात नसलेल्या मधलीवाडीला, चारचाकीने

मे महिन्यात शहाणी माणसं महाबळेश्वरला जातात. मी मधलीवाडीला गेले. मॅपवर शोधू नका, सापडायची नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांमधल्या डोंगरात अकरा घरं आहेत. जुन्नरवाले म्हणतात ती आंबेगावची, आंबेगाववाले म्हणतात जुन्नरची. स्वतःची ग्रामपंचायत नाही, कुठल्या दप्तरात नाव नाही. इतका निवांतपणा रिसॉर्टवाले पैसे घेऊन विकतात, इथे सरकारने फुकट दिलाय.

जायचं ठरलं ते किसनभाऊंमुळे. ते आमच्या सोसायटीची लिफ्ट दुरुस्त करतात आणि मूळचे मधलीवाडीचे. एकदा वायरी जोडता जोडता म्हणाले, "ताई, तुमी गावांचं लिवता ना? आमच्या वाडीचा इतिहास लिवून द्या. रस्त्यासाठी अर्ज केलाय. हापिसात म्हणत्यात, वस्ती जुनी असल्याचा पुरावा आणा."

रस्ता नाही म्हणून आजारी माणसाला झोळीत घालून खाली डांबरीपर्यंत आणतात. दोन पावसाळ्यांपूर्वी किसनभाऊंची थोरली वहिनी, सखू, त्या झोळीतच गेली. हेही त्यांनी वायरी जोडतानाच सांगितलं. मग मला नाही म्हणवेना. नवरा म्हणाला, "त्यापेक्षा ओझरला जा. विघ्नहर पण आहे आणि पार्किंग पण."

पहाटे साडेपाचला निघाले, कारण चाकणचं ट्रॅफिक टाळायचं होतं. ते काही टळलं नाही. मंचरला मिसळ खाल्ली, ऐंशी रुपयांत दुपारपर्यंतची जळजळ. पेट्रोल घोडेगावलाच भरून घ्या, पुढे पंपाचा भरवसा नाही, आणि रेंजलाही तिथेच राम राम करा. त्यापुढे डांबर हळूहळू विरळ होत जातं आणि एका फाट्यावर संपतंच. तिथून तासभर चढ. गाडी फाट्यावर लावायची, असं ठरलं होतं. त्यासाठी मी नवे बूटसुद्धा घेतले होते.

फाट्यावर किसनभाऊ खांद्यावर टॉवेल टाकून उभे. चेहरा लग्नघरातल्यासारखा. "गाडी वर जाती, ताई. कालपास्नं जाती."

आणि गेली की हो! चढावरच्या घळींमध्ये चपटे दगड नीट बसवलेले होते. काही काळे, काही तांबूस, एखादा पांढुरका. म्हटलं, वा, काय कलात्मक फरसबंदी. अंगणात हिरडा वाळत घातलेला, त्याच्या शेजारी गाडी लावली आणि फोटो काढला. टेकाडावर एक काडी रेंज येते, तिथवर धापा टाकत जाऊन तो ब्लॉगच्या पानावर टाकला: 'मधलीवाडीत पोचलेली पहिली चारचाकी!' तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

जेवायला नाचणीची भाकरी, काळ्या घेवड्याची आमटी, ठेचा. पैशांचं विचारू नका, किसनभाऊंच्या आई, चिमाबाई, रागावतात. जेवण झाल्यावर मी संशोधकाच्या थाटात वही काढली. जुनी कागदपत्रं? पावत्या? एखादा शिलालेख?

"कागद कुठला?" चिमाबाई म्हणाल्या. "दगडं हायेत की."

वाडीची रीत अशी, की नवी नवरी घरात पाऊल टाकण्याआधी माहेराहून आणलेला एक दगड शिवेवरच्या वाघोबापाशी ठेवते. पहिल्या घरातल्या पहिल्या बाईपासून आजपर्यंत. म्हणजे जितके दगड, तितक्या सुना. इतका बिनतोड पुरावा! मी उडी मारूनच उठले. "चला, दाखवा."

कुणी उठेना. किसनभाऊ एकेक हिरडा उलटा करून बघू लागले.

"दाखवायचं काय," चिमाबाई म्हणाल्या, "तुमी त्याच्यावरनंच आला की."

"अहो, माझ्या गाडीसाठी तुम्ही पुरावाच रस्त्यात घातला?"

"मंग पावण्याला चालवायचं व्हय? दगडं तशी बसूनच व्हती. वाघोबाला इचारलं, त्यो काय नाय म्हनला न्हाई."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, पण इथे मारुती माझी होती आणि हप्ते फिटायचे होते. मला इतकी लाज वाटली, की हसूसुद्धा येईना.

मग चिमाबाई काठी घेऊन निघाल्या आणि उतारावर एकेका दगडाला काठी टेकवत सांगू लागल्या. ही बयजा, माझी आजेसासू, आहुप्याची. ही आळ्याची तान्हा.

"आळ्याची पोर या डोंगरात?"

"आमचा चुलतसासरा तिकडं तमाट्याच्या मळ्यात कामाला गेल्ता. येताना घिऊन आला. लई रडली, पर राह्यली."

मी भराभरा लिहून घेत होते. अवघड वळणावर त्या थांबल्या. त्या दगडावर टायरचा ताजा वळ होता.

"ही सखू. तिला रस्ता पायजे व्हता." काठीने त्यावरची माती बाजूला सारत म्हणाल्या, "आता तिचाच केला. आना गाडी."

गाडी वर सोडून पुण्याला चालत येण्याइतकी मी थोर नाही. पहिल्या गिअरमध्ये, डोळ्यांतलं पाणी पुसत, सगळ्या सासवासुनांवरून खाली आले.

घरी येऊन नावं, माहेरं, नाती, सगळं टाइप करून दिलं. दोन आठवड्यांनी किसनभाऊ लिफ्ट बघायला आले. अर्ज परत आला होता.

"इतिहास वाचला का साहेबांनी?"

"न्हाई ताई. त्यांनी मोबाइल दावला. तुमचा फोटो व्हता. म्हनले, अंगणात चारचाकी उभी हाय, मंग रस्ता कशाला मागता?"

फोटो मी तेव्हाच काढून टाकला, पण तोवर तो कुठे कुठे फिरला होता. किसनभाऊ पुन्हा वायरी जोडू लागले. मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. वाडीने दगड उचलून पुन्हा वाघोबापाशी नेलेत, चिमाबाई ते ओळीने लावतायत, आणि अर्ज नव्याने करायचाय.

तेव्हा या पोस्टमध्ये फोटो का नाही, ते विचारू नका. जाणार असाल तर गाडी फाट्यावर लावा, वर चालत जा, आणि फोटोच्या जागी माझ्या वहीतलं हे शेवटचं पान वाचा: बयजा, आहुप्याची. तान्हा, आळ्याची. चिमा, तिरपाडची. सखू, कोंढवळची. आणि तिच्यावरून गेलेली मी, पुण्याची.