गाडीची खांदेमळणी

जळकोटच्या हणमंतप्पांनी बैलजोडी विकून मोटारसायकल घेतली, पण पोळा काही सोडला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी घरोघर बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात. हणमंतप्पा अंगणात गाडी उभी करून तिची खांदेमळणी करायचे. गाडीला खांदा कुठला, असं कुणी विचारलंच तर ते चाकातल्या पोलादी तबकडीकडं, म्हणजे डिस्ककडं बोट दाखवायचे. "समदा भार हीच थोपविती. मग खांदा हाच की." असल्या माणसाशी हुज्जत घालायला गावात कुणाला सवड नव्हती.

यंदा तूप घरचं होतं, म्हणून त्यांनी हात आखडला नाही. दोन्ही चाकांच्या डिस्क हळदीनं पिवळ्याधमक झाल्या. पोळ्याला टाकीवर झूल टाकली, हँडलला गोंडे बांधले आणि मागं नवं इरकल लुगडं नेसून त्यांची बायको शरणम्मा बसली.

वेशीपासून देवळापर्यंत उतार आहे. हणमंतप्पांनी गाडी ऐटीत सोडली, आणि गावातल्या उमाशंकरचे सजवलेले बैल जवळ आले तसा ब्रेक दाबला. गाडी थांबेना. पायाचा दाबला, हाताचा पुन्हा दाबला. दांडी बोटांत रुतली, पण चाकं आपली फिरतच राहिली. बैलांवर घालण्यापेक्षा त्यांनी गाडी कडेच्या उकिरड्यात घातली. शरणम्मा हातावर पडली आणि मनगटाचं हाड मोडलं.

प्लास्टर घालून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, हणमंतप्पा गाडी ढकलत विरेशच्या गॅरेजात गेले. विरेशनं डिस्कला दोन्हीकडून आवळून चाक थांबवणारे ब्रेक पॅड काढून त्यांच्या हातावर ठेवले.

"हे बदलावं लागत्याल, मामा."

"का म्हणून? निम्मे बी झिजले न्हाईत. कागदावानी पातळ झाल्याबिगर बदलायचे नसत्यात, एवढं मला बी कळतंय."

"कागद हुईस्तवर तर कुणीच थांबू नये. पण ह्ये झिजल्यामुळं न्हाय, तूप प्याल्यामुळं गेलेत. वरनं कितीबी घासा, तापले की आतलं तूप पुन्हा वर येतंय. डिस्क धुऊन घेतो, पॅड मात्र नवेच पायजेत." विरेशनं पॅड नाकाशी नेला. "ह्येला खवट वास येतोय. गेल्या पोळ्याला बी मळलं हुतं का?"

"मळलं हुतं. पण पुढच्याच चाकाला. नुसतं बोट फिरवलं."

"आन् मग वर्षभर ब्रेक कसा लागायचा?"

हणमंतप्पा सांगायला लागले. गेल्या पोळ्यापासून गाडी लांबनं थांबायची. दाबलं की किर्र करायची. त्यांना वाटलं, वय झालं बिचारीचं. थकलेल्या बैलाला कुणी पराणी टोचतं का? म्हणून त्यांनीच समजुतीनं घेतलं आणि ब्रेक लांबनं दाबायची सवय लावून घेतली. विरेशकडं दाखवायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

"कुठवर न्यायचा गाडी?"

"दुसरीकडं कुठं? अर्पिताला शाळंला."

शाळा हायवेच्या पलीकडं आहे. ऊस भरलेले ट्रॅक्टर आणि हैदराबादचे ट्रक तिथं कुणासाठी थांबत नाहीत. आणि नात मागं बसायची नाही, पुढं टाकीवर बसायची, दोन्ही हातांनी आरसे धरून. शरणम्माचं मोडलेलं मनगट आता हणमंतप्पांना आठवेना. वर्षभराच्या सगळ्या सकाळी एकदम अंगावर आल्या. माया केली, मायेनंच केली, आणि त्याच मायेनं पोरीला रोज ट्रकांपुढं नेऊन उभं केलं.

विरेशनं नवे पॅड बसवले आणि बजावलं, "सुरवातीला हळू चालवा. नवे पॅड डिस्कवर बसूस्तवर जोरात ब्रेक मारू नका."

घरी आले तर अर्पिता दप्तर अडकवून दारातच उभी होती. गाडी दिसताच धावत आली आणि टाकीवर चढायला तिनं पाय उचलला.

"आज्जा, चल की, घंटा हुईल."

हणमंतप्पांनी तिला उचलून खाली ठेवलं. आजवर त्यांनी तिला कशाला नाही म्हटलं नव्हतं.

"चालत जाऊ, बाळ," ते म्हणाले, आणि तिचा हात इतका घट्ट धरला की पोरगी कळवळली.