पैलवानाची पावडर

माझ्या धाकट्या दिराला सगळे पैलवान म्हणतात. कुस्ती तो उभ्या जन्मात खेळलेला नाही. तो लिफ्ट दुरुस्त करतो, संध्याकाळी व्यायामशाळेत वजनं उचलतो आणि सकाळी उठल्या उठल्या ग्लासभर पाण्यात चमचाभर पांढरी पावडर ढवळून पितो. ताकदीची पावडर. सहा वर्षं एक दिवस चुकला नाही. "चुना पितोस की काय रे?" मी चिडवायची. तो दंड फुगवून दाखवायचा आणि माझ्या ताटातली पोळी उचलून पळायचा.

मग माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा मशीनवर चार-चार तास. घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे. किडनी कोण देणार हा विषय काढायला आम्ही सगळे घाबरत होतो, तेवढ्यात पैलवान जेवता जेवता म्हणाला, "माझी घ्या की. दोन आहेत." आणि पुन्हा जेवायला लागला. सासूबाई पदराने डोळे पुसत राहिल्या. मी उठून ओट्याशी गेले, कारण मला हसू येत होतं की रडू, माझं मलाच कळेना.

रक्तगट जुळला. आणि तपासणीत पैलवानाचा क्रिएटिनिनचा आकडा जास्त आला. ज्या आकड्यावरून यांची किडनी गेल्याचं कळलं होतं, तोच आकडा! सासूबाईंनी पावडरीचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं. "या पावडरीनेच घात केला माझ्या पोरांचा," म्हणाल्या. मोठ्या पोराने तर तिला हातही लावला नव्हता, पण हे त्यांना कोण सांगणार?

पैलवान मात्र शांत. "वहिनी, लिफ्टच्या दिव्यावर तीन दिसतंय म्हणून लिफ्ट तिसऱ्यावर असतेच असं नाही. दार उघडून बघावं लागतं." डॉक्टरीणबाईही जवळपास तेच म्हणाल्या. ही पावडर शरीरात गेली की तिचंच पुढे क्रिएटिनिन होतं, त्यामुळे किडनी धडधाकट असूनही आकडा चढू शकतो. चार आठवडे पावडर बंद, मग पुन्हा रक्त, आणि किडनी खरोखर किती गाळते ते मोजायची वेगळी तपासणी.

त्या संध्याकाळी पैलवान माझ्याकडे आला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देते-घेते, म्हणून घरात मीच विद्वान. "तू वाचून सांग," म्हणाला. "सहा वर्षं खाल्लीय. उद्या एकच किडनी राहिली तर ती तग धरेल ना? तू सांगशील ते खरं."

चार दिवस मी जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटरसमोर बसले. चहा गार व्हायचा, समोर पुस्तक घेऊन उभी असलेली मुलं खाकरायची. आधी बरं वाटलं. पावडर घेणाऱ्यांवर अभ्यास झाले होते, काही महिन्यांचे, थोडे काही वर्षांचे, आणि निरोगी माणसांच्या किडनीला इजा झाल्याचं कुठे दिसत नव्हतं. ओरडा जितका होता तितका पुरावा नव्हता. मग एका माणसाची हकीकत सापडली. त्याची किडनी आधीपासून आजारी होती, पावडर घेतल्यावर आणखी बिघडली, सोडल्यावर सावरली. एकच माणूस. त्यावरून काय ठरवायचं? पण मला हवं होतं ते वेगळंच, वर्षानुवर्षं पावडर घेऊन मग एक किडनी देऊन टाकलेली माणसं. तसा एकही अभ्यास मला सापडला नाही. धोका आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. धोका नाही असंही कुणी म्हटलं नव्हतं.

घरी गेले. हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. पैलवानाने विचारलं, "काय म्हणतंय तुझं संशोधन?"

"काही धोका नाही," मी म्हणाले. "सगळं वाचलं."

"झालं तर मग!" म्हणून तो निर्धास्त झाला. आणि माझी झोप उडाली.

पुढचे तीन आठवडे मी एका जागी बसले नाही. वाळलेले कपडे पुन्हा धुतले. ग्रंथालयात एकाचं पुस्तक दुसऱ्याला दिलं आणि वर त्यालाच झापलं. चार आठवड्यांनी आकडा उतरला, अगदी हद्दीत आला. सासूबाईंनी घरभर पेढे वाटावेत तशी बातमी वाटली. हे कितीतरी दिवसांनी उठून टेबलाशी जेवायला बसले, मीठ कमी आहे म्हणून कुरकुरलेसुद्धा. त्या कुरकुरीसाठी मी आणखी शंभरदा खोटं बोलले असते, हे मला त्या क्षणी कळलं आणि माझीच मला भीती वाटली.

किडनी किती गाळते ते मोजायच्या तपासणीच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मी त्याला सगळं सांगितलं. त्या आजारी माणसाचं, आणि न झालेल्या अभ्यासाचं. तो ऐकत होता. दंडाला सुई टोचून लावलेला कापूस दाबून धरला होता.

"कधी कळलं तुला?"

"तू विचारलंस त्याच आठवड्यात."

"म्हणजे महिना होत आला." त्याचा आवाज चढला. "किडनी आहे वहिनी, ग्रंथालयाचं पुस्तक नाही. नाही आवडलं की परत आणायला!"

"चुकलं माझं," मी म्हणाले. "मला ते जगायला हवे होते."

तो उठून गेला. दोन दिवस आमच्याशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना निकाल सांगितला. दोन्ही किडन्या उत्तम. पैलवानाने मी सांगितलेलं सगळं त्यांना जसंच्या तसं विचारलं. त्या म्हणाल्या, "आज मोजलंय ते चांगलं आहे. पावडरीने तुमचं नुकसान केल्याची कुठलीही खूण नाही. पण तुमच्यासारख्यांवर अभ्यास नाही, तेव्हा वीस वर्षांनंतरचं वचन मी देणार नाही. एक किडनी राहिल्यावर पावडर घेऊ नका, एवढं सांगेन. आणि नाही म्हणालात तर त्याचं कारण मी कुणालाही सांगणार नाही."

त्यांनी संमतीचा कागद पुढे सरकवला आणि आम्हाला बोलायला मोकळीक म्हणून बाहेर गेल्या. पैलवान पेनाचं टोपण काढायचा, लावायचा. मी दाराकडे बघत होते, कारण त्याच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

"महिना उलटून गेला," तो म्हणाला. "पावडर किती घेतोस, कुठली घेतोस, कधीपासून घेतोस, सगळ्यांनी विचारलं. आई, दादा, तू. भीती वाटते का, हे एकानेही विचारलं नाही."

खरंच नव्हतं विचारलं. उत्तर नको होतं आम्हाला.

"वाटते?" मी विचारलं.

"फार," तो म्हणाला. मी त्याचा हात धरला, नव्वद किलोच्या माणसाचा गारठलेला हात. तो त्याने काही वेळ तसाच राहू दिला. मग सोडवून घेतला, कारण सही त्याच हाताने करायची होती.