बल्ब थंडा काहून?

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी मॅडमचं नाव घेतो. नाव म्हणजे 'मॅडम' एवढंच. दारावर त्यांनी पाटी लावली नव्हती. "नाव लिहिलं का लोक हाका मारतात," असं त्यांचं म्हणणं.

सकाळी सहाला त्या माझ्या खोलीत यायच्या आणि टेबलावरच्या दिव्याच्या बल्बला बोट लावायच्या.

"कधी उठला गा?"

"पाच वाजता, मॅडम."

"मंग बल्ब थंडा काहून?"

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. कोणी नमस्कार केला की "काय पाहिजे?" विचारणारं, पोस्टमनला ओळखपत्र मागणारं. मॅडम निवृत्त इंग्रजी शिक्षिका, शहराबाहेर वाडी नावाच्या वस्तीतल्या घरात एकट्या राहायच्या. मी कन्हानचा, घरातला पहिला पदवीधर. वाडीत एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायला लागलो होतो. पदवी हातात होती, पण इंग्रजीत एक वाक्य धड बोलता येत नव्हतं.

वरची खोली देताना त्यांनी अट घातली. "रोज एक क्रियापद देईन. बाराही काळांत चालवून दाखवायचं. लागोपाठ तीन दिवस चुकला तं बिस्तरा उचलायचा. शिकतो म्हणून खोली घेतात अन् लोळत पडतात."

ट्रकांच्या त्या वस्तीत अभ्यास करता येईल अशी दुसरी खोली मला सापडली नव्हती. मी मान हलवली.

क्रियापदं फक्त नियमित. वॉश, ओपन, वेट. एकदा मी 'गो' सुचवलं.

"ते बेइमान आहे. आज गो, काल वेंट. चेहरा बदलते त्याचा काय भरवसा? वॉश कुठंही जाऊ दे, वॉशच राहते. मागं शेपूट लागते फक्त."

परीक्षा व्हायची मी कामाला निघताना. त्या खाली अंगणात खुर्चीवर बसलेल्या, मी जिन्याच्या वळणावर उभा. पहिले सात-आठ काळ निघायचे. पुढे 'आय शॅल हॅव बीन वॉशिंग'पर्यंत पोचलो की जीभ लाकडाची व्हायची. दोन दिवस लागोपाठ चुकलो. तिसऱ्या दिवशी पहाटे मी वळणावरच्या भिंतीवर, त्यांना खुर्चीतून दिसणार नाही अशा बेतानं, पेन्सिलीनं बाराही ओळी लिहून ठेवल्या. बोलताना क्रियापद तेवढं बदलायचं. बुटाची नाडी बांधायला वाकलं की सगळं समोर.

"खाली मान घालून काहून बोलतो?"

"बूट बांधून राहिलो, मॅडम."

"बारा काळ झाले. एकच बूट?"

त्यांना संशय होता, याबद्दल मला संशय नव्हता. मलाही त्यांचा होताच. गोदामातला जोडीदार म्हणायचा, "अबे, तुले काढाचा बहाणा शोधून राहिली ते." मला ते पटायचं. त्या जिन्याकडे आल्या की मी वळणावरच्या भिंतीला पाठ लावून उभा राहायचो.

दिवाळीआधी घराला चुना मारायला पेंटर आला. मॅडम दिवसभर त्याच्या मागे खुर्ची घेऊन बसल्या. "इथं एकच हात मारला. मले फसवतो का?" आता माझं अक्षर सापडणार आणि बिस्तरा उचलायचा, या धास्तीत मी तो दिवस गोदामात काढला. परतलो तर जिना पांढराशुभ्र, आणि वळणावर वहीएवढी जागा जुनीच. बारा ओळी शाबूत. देव पावला, पेंटर कामचोर निघाला, असं मला वाटलं.

पुढे कधीतरी मी वाकायचा थांबलो. नेमका कधी, ते आठवत नाही. शहरातल्या सदर भागात एका ऑफिसात मुलाखत झाली, तेव्हा समोर भिंत नव्हती आणि वाक्यं येत गेली. नोकरी लागली. संत्रा बर्फी घेऊन मॅडमकडे गेलो.

"कागद दाखव."

नेमणुकीचं पत्र त्यांनी उजेडात धरून दोनदा वाचलं. मग बर्फीचा तुकडा मोडून आधी मला खायला लावला.

मी सदरजवळ राहायला गेलो. गेल्या दिवाळीआधी भेटायला गेलो तर घराला कुलूप. मॅडम हैदराबादला मुलीकडे गेल्या होत्या, कायमच्या. जिन्यात तोच पेंटर ब्रश घेऊन उभा होता; घराला चुना मारून ठेवायला त्याला मुलीनं सांगितलं होतं. दरवर्षी येत असल्यानं त्यानं मला ओळखलं.

"बरं झालं आले. दरसाल मॅडम सांगायच्या, तेवढी जागा सोड, पोट्टा अजून कच्चा आहे. तुम्ही गेले तरी सोडाले लावत. आता विचाराले कोणी नाही. सोडू का भरू?"

मी पायरीवर बसलो. नंतर त्याच्याकडून मॅडमच्या मुलीचा पत्ता घेतला आणि दुसऱ्या दिवशी हे पत्र टाकलं:

"मॅडम,

मी भिंतीवर पाहून सांगत होतो. तुम्हाला माहीत होतं, हे मला काल कळलं. तुम्ही कोणावरच भरवसा ठेवत नाही असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते चूक होतं.

पेंटरला जागा सोडायला सांगितली आहे. बाराव्या काळात मी अजून अडखळतो.

पाच वाजता उठून लिहितो आहे. बल्ब गरम आहे. खोटं वाटत असेल तर येऊन हात लावून पाहा."