सत्काराची घोंगडी

"कोकराला जरा वर धर. त्याचं तोंड इकडं कर. हां. आता हस."

फोटोवाला मला सांगत होता. मी आठवीत होते. कोकरू हातात थरथरत होतं आणि माझ्या परकरावर मुतलं होतं. समोर, विश्रामगृहाच्या खोलीत, मुंबईहून आलेले आमदार खुर्च्यांवर बसलेले, मधोमध त्यांच्या समितीचे अध्यक्ष. माझे वडील, आबा, पुढं झाले आणि त्यांनी अध्यक्षांच्या खांद्यावर घोंगडी टाकली. टाळ्या. अध्यक्षांनी नाकाचा रुमाल फोटोपुरता काढला आणि परत लावला. मला ते दिसलं. तरी मी हसत उभी राहिले, कारण तसं सांगितलं होतं.

आम्ही मेंढपाळ. केज तालुक्यातल्या माळावर आमची वस्ती. त्या साली विधानसभेत गायरानाचं बिल मांडलं होतं. मेंढरांच्या चराईच्या जागा आणि पाण्याच्या वाटा कुणाला अडवता येणार नाहीत, असं त्यात होतं म्हणे. बिल मांडलं आणि समितीकडं पाठवलं. समिती लोकांचं म्हणणं ऐकायला गावोगाव निघाली. आमच्या गावच्या मालकांनी आबांना बोलावून घेतलं. मालक म्हणजे गावातले मोठे बागायतदार, आणि पुढारीही तेच.

"एक चांगली घोंगडी आण. एक कोकरू आण. अन् पोरीला आण. शाळेच्या ड्रेसवर नको, परकर-पोलकं घाल म्हणावं."

आबांना समितीपुढं एकच गोष्ट सांगायची होती. माळावरून तळ्यावर उतरणारी वाट तार मारून बंद केली होती. तारेपलीकडं डाळिंबाची बाग होती. बाग मालकांची. मेंढरांना डोंगराला वळसा घालून पाण्यावर न्यावं लागायचं. उन्हाळ्यात कोकरं वाटेतच बसायची, काही उठायचीच नाहीत. मालकांचं नाव न घेता हे कसं सांगायचं, याचा आबांनी लई विचार केला होता. मेंढरांमागं चालताना ते वाक्य घोकायचे. "साहेब, आमची पाण्याची वाट मोकळी करा." एवढंच.

फोटो झाला. मालकांचा माणूस म्हणाला, "चला, बाहेर बसा आता. आत साहेब लोकांचं काम हाय."

दार लागलं. आम्ही लिंबाखाली बसलो. आत चहा गेला, जेवण गेलं, हसण्याचा आवाज आला. कोकरू आईसाठी ओरडून ओरडून गप्प झालं. उन्हं उतरल्यावर गाड्या निघाल्या. आबा उठून हात जोडेपर्यंत धुरळा उडाला होता. मालक आले, आबांच्या पाठीवर थाप मारली. "झालं तुजं काम. बिल समितीत हाय."

परतीच्या जीपमध्ये आबा कोकराच्या पाठीवर हात फिरवत बसले.

फोटो पेपरात आला. समितीनं मेंढपाळांच्या व्यथा जाणून घेतल्या, असं खाली छापलेलं. वर्गात शिरले तर मागच्या बाकावरून कुणीतरी मेंढरासारखं ओरडलं. मग सगळा वर्ग ओरडायला लागला. सर फळ्याकडं तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. मी आधी समजले, त्यांना राग आलाय. ते हसत होते.

घोंगडीचं सांगायचं राहिलं. तिची लोकर मायनं कातली होती. हिवाळाभर, भाकरी झाल्या की टकळी घेऊन बसायची. विणून आली तेव्हा तिनं काठाला लाल दोरा भरला, आमची ओळखू यावी म्हणून. त्याच उन्हाळ्यात मालकांच्या बागेत निंदायला मायसंगं गेले होते. पाणी प्यायला विहिरीवर गेलो. पाण्याच्या मोटारीला ऊन लागू नये म्हणून तिच्यावर काहीतरी टाकलेलं होतं. काळं, ग्रीसनं माखलेलं. काठाला लाल दोरा.

अध्यक्षांनी ती सोबत नेलीच नव्हती. मालकांच्या गाडीत राहिली असणार, आणि तिथून विहिरीवर आली. मी ओढून काढायला गेले. मायनं हात धरला. तिनं काठ बोटांत घेऊन पाहिला, एका जागी दोरा सुटला होता तिथं अंगठा फिरवला, आणि घोंगडी पुन्हा नीट मोटारीवर पसरली.

"ऱ्हाऊ दे. मोटर तापंल," म्हणाली.

मला तिचा राग आला. अजूनही येतो. ती गेली, तरी येतो.

पुढं बिलाचं काय झालं, हे कुणी सांगेना. आबा बाजाराला गेले की कुणाला ना कुणाला विचारायचे. मी बारावी झाले, लग्न झालं. नवरा आमच्याच वस्तीवर येऊन राहिला, तोही मेंढरांमागं फिरणारा. तेव्हा एकदा मीच कचेरीत गेले. तिथले कारकून बरे होते, त्यांनी खुर्ची दिली.

"बाई, विधानसभेची मुदत संपली की समितीतलं बिल व्यपगत होतं."

"म्हंजे?"

"म्हणजे मेलं."

मग नवं बिल आलं. मांडलं, समितीकडं पाठवलं. समितीला मुदतवाढ मिळाली. परत मिळाली. तेही मेलं. बिलाची गत आमच्या मेंढरांसारखीच. या रानातून हाकललं की त्या रानात, हक्कानं कुणी बसू देत नाही. लोक याला भिजत घोंगडं म्हणतात. मी म्हणते, आमची घोंगडी भिजली तरी कुठं, ती तर मोटारीवर वाळत पडली.

थकवा येतो. भांडून येतो त्याहून जास्त वाट बघून येतो.

या साली परत बिल मांडलं. परत समिती निघाली. थोरले मालक आता नाहीत, त्यांच्या पोराला मालक म्हणतात. अंबाजोगाईला शिकलेला, गोड बोलतो. वस्तीवर गाडी घेऊन आला.

"आबा, सत्कार करायचाय. एक घोंगडी लागंल. अन् एक कोकरू, पांढरं बघा. फोटोत उठून दिसतंय." मग माझ्या लेकीकडं बघून म्हणाला, "हिलाच धरायला लावू. परकर घाला तिला."

माझी लेक आठवीत आहे.

मायनं कातलेली शेवटची घोंगडी आबांच्या अंथरुणावर होती. लाल काठाची. आबांना आता नीट दिसत नाही. चाचपून त्यांनी ती हातात घेतली आणि माझ्यापुढं धरली.

"देऊन टाक. तेवढंच काम व्हईल."

मी ती घडी घालून ठेवली. समितीच्या दिवशी लेकीला शाळेचा ड्रेस घातला आणि शाळेत पाठवलं. कोकरं नवऱ्यासोबत माळावर गेली. मी आबांना घेतलं, घोंगडी घेतली आणि जीपमध्ये बसले.

तेच विश्रामगृह. आता एसी आहे. मालक दारातच.

"कोकरू कुठंय?"

"माळावर. चरतंय."

"अन् पोरगी?"

"शाळेत."

त्याचं तोंड उतरलं, पण आत माइकवर नाव पुकारलं होतं. मेंढपाळ भगिनी घोंगडी देऊन अध्यक्ष महोदयांचा सत्कार करतील. सगळे मोबाइल वर झाले. अध्यक्ष उठून उभे राहिले, खांदा थोडा झुकवला. सवय असते त्यांना.

मी घोंगडी उघडली.  आबा माझ्या शेजारी उभे होते. मी ती आबांच्याच खांद्यावर टाकली. पुढच्या ओळीत एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर त्यांना बसवलं. टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले.

"साहेब, सत्कार न्हाई. आमी बोलायला आलोत."

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. दमलेले होते. घड्याळ बघून म्हणाले, "ताई, तुमचं म्हणणं लेखी द्या."

"माझा बाप मागच्या टायमाला सांगायला आलता. घोंगडी घेतली अन् त्याला बाहेर बसवलं. आता तोंडीच ऐका."

मालकाचा माणूस माझ्या दंडाला धरायला आला. मी त्याच्याकडं फक्त बघितलं. तो थांबला.

मग मी आबांना म्हणाले, "आबा, सांगा."

आबांनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं घोकलेलं वाक्य. ते आलं नाही. ओठ हलले, आवाज नाही.  मग मीच बोलले. पाण्याची वाट तार मारून बंद केली आहे. तार कुणाची, तेही सांगितलं. मालकाचं नाव घेऊन, त्याच्या तोंडावर.

 अध्यक्ष म्हणाले, "नोंद घेतली." घेतली की नाही, देव जाणे. मी कुणालाही लिहिताना पाहिलं नाही.

बाहेर मालक गाडीला टेकून उभा होता. या वेळी गोड बोलला नाही.

"लई शिकलीस. आता मेंढरं कुठनं नेतीस तेच बघतो."

जीपमध्ये आबा भर उन्हात घोंगडी लपेटून बसले. म्हणाले, "कशापायी केलंस?"  पुन्हा म्हणाले, "आता ते डोंगराकडनंबी जाऊ द्यायचे न्हाईत." खरं होतं ते. मला माहीत होतं. पण खांद्यावरची घोंगडी त्यांनी काढली नाही.

समितीला परत मुदतवाढ मिळाली आहे. काल पेपरात होतं. हेही बिल मरेल, मला वाटतं. मी त्याची वाट बघणं सोडलं.

उद्या सकाळी मेंढरं जुन्या वाटेनं निघतील. आबा पुढं, मी मागं; दिसत नसलं तरी ती वाट त्यांच्या पायांना पाठ आहे. तार आडवी आहे. मालकाची माणसं असतील. पोलीसही येतील. मेंढरं तारेपाशी उभी राहतील आणि मीही राहीन, परवाही, तेरवाही, तार निघेपर्यंत. समितीला आमचं म्हणणं ऐकायचं असेल तर तिनं तिथं यावं. उन्हात उभं राहावं लागेल. घोंगडी मिळणार नाही.